यॉर्कशायर पुडिंग घरी करताना: पीठ, तेल आणि आच

यॉर्कशायर पुडिंग फुगलं नाही अशी तक्रार कुणी केली की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पीठ ओतलं तेव्हा चर्र आवाज आला का? बहुतेकांना तो आवाज आठवतच नाही. मग अंडी किती ताजी होती, मैदा कुठला होता, दूध कसलं होतं, या चौकशीत फारसा अर्थ उरत नाही. या पदार्थात ना बेकिंग पावडर, ना सोडा, ना यीस्ट. तो फुगतो निव्वळ आचेवर, आणि ती आच पीठ पडायच्या आधीच भांड्यात मुरलेली असावी लागते. खाली जे काही सांगितलं आहे, ते सगळं ही आच कशी मिळवायची आणि कशी टिकवायची याबद्दलच आहे.

ज्यांनी हा पदार्थ कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. इंग्लंडमध्ये रविवारी दुपारी भाजलेल्या मांसाचं जेवण असतं, त्याला संडे रोस्ट म्हणतात. मांसाचा मोठा तुकडा, भाजलेले बटाटे, गाजर, कोबी, मटार, वरून पातळ तपकिरी ग्रेव्ही, आणि ताटाच्या कडेला हे पुडिंग. कडा उंच आणि खरपूस, मधे खळगा, तळ मऊ आणि अंड्याच्या चवीचा. गोडाचा त्यात लवलेश नाही. खळग्यात ग्रेव्ही ओतायची, कडेचा तुकडा मोडायचा आणि त्यात बुडवून खायचा. बीफबरोबर वाढणं ही मूळची रीत. आता चिकन आणि लँबबरोबरही सर्रास वाढतात, पण त्यावर नाक मुरडणारे जुने यॉर्कशायरकर इथे लीड्समध्ये, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्याच एका शहरात, अजून भेटतात.

मांसाखाली ठेवलेलं भांडं

अठराव्या शतकात मांस सळईला लावून उघड्या विस्तवासमोर फिरवत भाजायचे. त्यातून चरबी थेंबाथेंबानं गळायची. ती वाया जाऊ नये म्हणून खाली पसरट भांडं ठेवलेलं असायचं. या गळलेल्या चरबीला ड्रिपिंग म्हणतात. त्याच गरम चरबीत पीठ ओतलं की मांस भाजता भाजता खाली पुडिंग तयार. १७३७ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तकात ते ‘ड्रिपिंग पुडिंग’ या नावानं येतं. पुढे १७४७ मध्ये हॅना ग्लास या इंग्रज पाककृती-लेखिकेनं यॉर्कशायरचं नाव देऊन त्याची कृती छापली.

ती कृती आजही नीट वाचण्यासारखी आहे. एक क्वार्ट म्हणजे लिटरच्या आसपास दूध, चार अंडी, थोडं मीठ, आणि पीठ दाटसर होईल इतका मैदा. भांड्यात ड्रिपिंग घालून विस्तवावर ठेवायचं आणि ते उकळलं की मगच पीठ ओतायचं. पुडिंग शिजत आलं की मांसाखाली सरकवायचं, म्हणजे वरून चरबी गळत राहते आणि विस्तवाची धग लागून रंग येतो. शेवटी चरबी निथळून काढायची आणि भांडं पुन्हा विस्तवावर ठेवून पुडिंग थोडं कोरडं करायचं. चरबी आधी कडकडीत, मग पीठ: पावणेतीनशे वर्षांपूर्वीही क्रम हाच होता.

एक फरक मात्र मोठा आहे. लिटरभर दुधाला चार अंडी! आज आपण तेवढ्या दुधाला वीस घेऊ. म्हणजे मूळचं यॉर्कशायर पुडिंग उंच, पोकळ वाटीसारखं नव्हतं. ते बसकं, चरबीत मुरलेलं, एका मोठ्या भांड्यातलं आणि वाटून खायचं पुडिंग होतं. उंच कडांचं छोटं पुडिंग नंतरचं, बंद ओव्हनच्या आणि साच्याच्या पत्र्यांच्या काळातलं. २००८ साली ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं जाहीर केलं की चार इंचांपेक्षा बुटकं असेल त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणू नये. उंची आली म्हणजे आच बरोबर होती, इथपर्यंत मला मान्य आहे. पण नुसत्या उंचीचा हट्ट मला पटत नाही. खळगा नसेल तर ग्रेव्ही जाणार कुठे? आणि तळाशी तो मऊ, ओलसर थर नसेल तर हातात नुसतं पोकळ कवच येतं.

मांस महाग होतं, माणसं जास्त होती. म्हणून यॉर्कशायरच्या घरांत पुडिंग ग्रेव्हीबरोबर आधी वाढायचे, मांस नंतर. ‘जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मांस’ असं पोरांना सांगायचे, आणि पुडिंगानं पोटं भरली की मांस आपोआप पुरायचं. उरलेलं पुडिंग जॅम किंवा साखरेचा पाक घालून शेवटी गोड म्हणून खायचे. काही घरांत आधी पुडिंग वाढायची ही रीत अजून टिकून आहे. तुम्ही पहिल्यांदा कराल तेव्हा तसंच वाढून बघा. ओव्हनमधून काढल्या काढल्या, दुसरं काही ताटात नसताना, याची चव जशी कळते तशी सगळ्या पसाऱ्यात कळत नाही.

पीठ

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: अंडी, दूध आणि मैदा, तिन्ही एकाच मापानं समान. चार अंडी एका मापाच्या भांड्यात फोडा आणि किती मिली भरली ते बघा. ब्रिटनमधली मोठी अंडी असतील तर साधारण २०० मिली होतात. भारतात मिळणारी अंडी बहुधा लहान असतात, चारांची १७० ते १८० मिली भरतात. जेवढी भरतील तेवढंच दूध आणि त्याच भांड्यानं तेवढाच मैदा घ्यायचा. वजनानं सांगायचं तर २०० मिली अंड्यांना १२० ते १३० ग्रॅम मैदा. अर्धा चमचा मीठ. आवडत असेल तर चिमूटभर पांढरी मिरपूड. एवढ्या पिठात मफिनच्या पत्र्यातली दहा-बारा पुडिंगं होतात.

मैदा साधाच हवा. ब्रिटनमधल्या दुकानात ‘प्लेन’ लिहिलेला घ्या. ‘सेल्फ रेझिंग’ घेऊ नका, त्यात बेकिंग पावडर मिसळलेली असते. त्यानं जास्त फुगेल असं वाटतं, पण होतं उलटं: सगळीकडे बारीक जाळी पडून आतून केकसारखं होतं आणि मधली मोठी पोकळी तयारच होत नाही. कणीक घातली तरी चवीला वाईट नाही लागत, पण कोंड्यामुळे जड होतं आणि कमी फुगतं. पहिल्यांदा करताना मैदाच घ्या.

दुधाचं बघायला हवं. महाराष्ट्रात पिशवीतलं फुल क्रीम दूध किंवा म्हशीचं दूध घेत असाल तर ते बऱ्यापैकी दाट असतं. तिथे तीन भाग दूध आणि एक भाग पाणी असं करा. पाण्यानं कडा जास्त कुरकुरीत होतात, नुसत्या दाट दुधानं पुडिंग मऊ आणि लवकर काळपट होतं. गाईचं किंवा टोन्ड दूध असेल तर पाण्याची फारशी गरज नाही.

अंडी न घालता हे होईल का, असं बरेच जण विचारतात. नाही होणार. वाफेनं ताणली गेलेली भिंत अंड्यातल्या प्रथिनांमुळेच उभी राहते. दही, जवस, केळं असले पर्याय केकमध्ये चालून जातात, इथे ते ती भिंत उभी करू शकत नाहीत. अंडं चालत नसेल त्यांच्यासाठी त्या दिवशी भाजलेले बटाटे थोडे जास्त करावेत हे उत्तम.

मैदा आणि मीठ मोठ्या वाडग्यात घ्या, मधे खड्डा करा, त्यात अंडी घाला आणि व्हिस्कनं मधून बाहेर फेटत जा. आधी गुळगुळीत, चिकट गोळा होऊ द्या आणि मगच दूध थोडं थोडं घाला. सगळं दूध एकदम ओतलं की गुठळ्या राहतात आणि त्या मोडायला दुप्पट वेळ जातो. तयार पीठ धिरड्याच्या पिठापेक्षा पातळ आणि घावनाच्या पिठापेक्षा किंचित दाट हवं. डावानं उचलून सोडलं तर अखंड धार पडली पाहिजे.

आता ते झाकून बाजूला ठेवा. निदान अर्धा तास, जमल्यास दोन तास, आणि सगळ्यात छान म्हणजे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये. या वेळात मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि फेटताना ताणलं गेलेलं ग्लूटेन, म्हणजे मैद्यातलं चिवट प्रथिन, सैल पडतं. चवीत तर स्पष्ट फरक पडतो. ताज्या पिठाच्या पुडिंगाला कच्च्या मैद्याची किंचित झाक राहते, मुरलेल्या पिठाचं पुडिंग खमंग लागतं. रात्रभर ठेवलेलं पीठ वरून जरा करडं दिसतं, त्यानं काही बिघडत नाही, ढवळून घ्यायचं. वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. फ्रिजमधून थेट ओतलेलं पीठ भांड्याची आच खेचून घेतं आणि पुडिंग बुटकं, जाडसर होतं.

शेवटी पीठ चोचीच्या जगमध्ये काढून ठेवा. हे नंतर करू असं म्हणू नका. डावानं एकेका खळग्यात पीठ घालत बसलात तर शेवटच्या खळग्यापर्यंत तेल थंड झालेलं असतं.

भांडं

धातूचंच हवं. काचेच्या भांड्यात कडक तापलेल्या तेलावर गार पीठ पडलं तर ते तडकू शकतं, आणि सिलिकॉनचे साचे आच धरून ठेवत नाहीत. इथे चार पसरट खळग्यांचा खास पत्रा मिळतो. बारा खळग्यांचा मफिनचा पत्राही चालतो, त्यात पुडिंग लहान आणि उंच होतं. जुन्या पद्धतीचं करायचं असेल तर साधारण ३० बाय २० सेंटीमीटरचा, उभ्या काठांचा जाड पत्र्याचा ट्रे घ्या.

भारतात ओटीजीबरोबर सहसा कपकेकचा सहा खळग्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिळतो, तो चालेल, फक्त फार पातळ नसावा. पण माझं मत विचाराल तर बिडाची छोटी कढई किंवा काठ असलेला बिडाचा तवा. लाकडी वा प्लॅस्टिकची मूठ नको, आणि ओटीजीचं दार बंद झालं पाहिजे. बीड तापायला वेळ घेतं, पण एकदा तापलं की पीठ पडल्यावरही आच सोडत नाही. या पदार्थाला नेमकं तेच हवं असतं.

आमच्या शेजारच्या आजींचा पत्रा काळाकुळकुळीत आहे. काम झालं की त्या तो कागदानं पुसतात आणि गरम पाण्यातून काढून लगेच कोरडा करतात, साबण कधी लावत नाहीत. त्यांच्या पत्र्याला पुडिंग चिकटलेलं मी पाहिलेलं नाही. साध्या लोखंडी पत्र्यावर वापरून वापरून तेलाचा जो थर बसतो, तो घासून काढू नये एवढंच.

तेल की चरबी

पारंपरिक चरबी म्हणजे बीफ ड्रिपिंग. ब्रिटनमध्ये दुकानांत त्याच्या घट्ट वड्या मिळतात. आपल्यापैकी अनेकांना ते चालत नाही, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. पबमधलं पुडिंग पुष्कळदा बीफच्याच चरबीत केलेलं असतं, मग तुम्ही ताटात चिकन मागवलेलं असो किंवा शाकाहारी रोस्ट. आधी विचारून घ्या. विचारलं तर ते नीट सांगतात. दुकानातली फ्रोझन पुडिंगं बऱ्याचदा वनस्पती तेलात केलेली असतात, तरी पाकिटावरची यादी वाचावी.

घरी सूर्यफुलाचं किंवा रेपसीडचं रिफाइंड तेल उत्तम. ते २२० अंशांच्या आसपास तापलं तरी लगेच जळत नाही. घरचं नीट कढवलेलं साजूक तूपही चालतं, आणि त्याचा वास पुडिंगाला फार शोभतो. लोणी मात्र नको, त्यातला दुधाचा अंश एवढ्या आचेवर काळा पडतो. ऑलिव्ह तेल, विशेषतः एक्स्ट्रा व्हर्जिन, लवकर धुरावतं. आपलं फिल्टर्ड शेंगदाणा तेल इथे त्याच कारणानं टाळा.

चिकन किंवा लँब भाजत असाल तर त्याच ट्रेमधली चरबी वापरा, हीच खरी मूळची रीत. फक्त ती वाटीत काढून दोन मिनिटं स्थिर ठेवा. चरबी वर येईल आणि मांसाचं पाणी खाली बसेल. पुडिंगासाठी वरची स्वच्छ चरबीच घ्यायची. खालचं पाणी त्यात गेलं तर पत्रा तापल्यावर भयंकर तडतडतं आणि तळ करपतो. ते पाणी ग्रेव्हीत घाला, सगळी चव त्यातच आहे.

मफिनच्या खळग्याला एक छोटा चमचा तेल, मोठ्या पसरट खळग्याला दोन, आणि मोठ्या ट्रेला तीन मोठे चमचे. याहून जास्त घातलं तर पुडिंग तेलकट होतं.

ओव्हन आणि ती दोन मिनिटं

ओव्हन २३० अंश सेल्सिअसवर लावा, पंख्याचा असेल तर २१० ते २२०. तयार झाल्याचा दिवा लागला तरी आणखी दहा मिनिटं थांबा, कारण दिवा हवेचं तापमान सांगतो, भिंतींचं नाही. पुडिंगाच्या वर निदान दहा-बारा सेंटीमीटर मोकळी जागा राहील असं शेल्फ निवडा. लहान ओटीजीत हे विसरलं जातं आणि फुगलेलं पुडिंग वरच्या कॉइलला टेकून जळतं. ओटीजीत दोन्ही कॉइल चालू ठेवा आणि पत्रा खालच्या बाजूच्या शेल्फवर ठेवा.

आता तेल घातलेला पत्रा आत ठेवा आणि दहा ते बारा मिनिटं तसाच तापू द्या. बिडाला पंधरा लागतील. तेल पातळ होऊन हलताना दिसलं पाहिजे आणि पृष्ठभागावरून धुराची अगदी बारीक रेघ निघाली पाहिजे. खिडकी उघडी ठेवा. ब्रिटनमधल्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर स्वयंपाकघराचं दार लावून एक्झॉस्ट चालू करा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. पोरांना दूर ठेवा आणि हातमोजे कोरडेच वापरा. ओल्या फडक्यातून उष्णता क्षणात हाताला लागते.

पुढची दोन मिनिटं या सगळ्या कृतीचा जीव आहेत. जग हाताशी ठेवा. ओव्हनचं दार उघडा, पत्रा बाहेर काढा, दार लगेच बंद करा. शेजारच्या आजी इथे चमच्याच्या टोकानं पिठाचा एक थेंब कोपऱ्यातल्या खळग्यात सोडतात आणि कान देतात. थेंब चर्र करून लगेच कडेनं पांढरा झाला आणि तेलावर नाचला तर पुढे जायचं. गप्प तळाशी बसला तर पत्रा पुन्हा आत. चालणार असेल तर एकेका खळग्यात अर्ध्याहून थोडं कमी पीठ पटापट ओता. ओतता ओतताच कडा घट्ट होऊन वर सरकताना दिसतात. मोठा ट्रे किंवा बिडाची कढई असेल तर ओव्हनमधून काढून गॅसच्या मंद आचेवर ठेवा आणि तिथेच पीठ ओता, म्हणजे तेवढ्या वेळातही आच तुटत नाही. लगेच आत ठेवा, दार बंद करा.

आणि आता दार उघडायचं नाही. मफिनच्या आकाराला वीस ते बावीस मिनिटं, पसरट चार खळग्यांना पंचवीसच्या आसपास, मोठ्या ट्रेला तीस ते पस्तीस. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटेल. नंतर कडा उचलायला लागतात. बाराव्या-पंधराव्या मिनिटाला पुडिंग पूर्ण उंचीला आलेलं असतं आणि रंग फिका सोनेरी असतो. झालंच की, असं वाटून लोक इथेच बाहेर काढतात, आणि पाच मिनिटांत सगळं खाली बसतं. त्या वेळी ते फक्त वाफेवर तोललेलं असतं, भिंत अजून ओली असते. रंग गडद तपकिरी होईपर्यंत आणि कडा बोटानं ठोकल्यावर कोरडा आवाज येईपर्यंत धीर धरा.

आत काय चाललेलं असतं ते कळलं की धीर धरणं सोपं जातं. पीठ कडकडीत पत्र्याला टेकलं की खालचा आणि कडेचा थर क्षणात घट्ट होतो, मधलं पीठ मात्र पातळच असतं. त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. वरचा थर अजून लवचिक असल्यामुळे तो ताणला जातो आणि पुडिंग वर चढतं. मग अंड्यातली प्रथिनं गोठतात, स्टार्च घट्ट होतो आणि ताणलेला आकार तसाच पक्का होतो. तेल कोमट असेल तर कडा घट्ट व्हायच्या आधीच सगळं पीठ सावकाश एकसारखं शिजतं, आणि तयार होते अंड्याची जाड चकती. पक्कं व्हायच्या आत दार उघडलं तर गार हवेनं आतली वाफ निवते आणि ओली भिंत कोसळते.

झाल्यावर ओव्हन बंद करा, दार बोटभर उघडं ठेवून तीन-चार मिनिटं पुडिंग आतच राहू द्या. मग पत्र्यातून काढून जाळीवर ठेवा. पत्र्यातच राहिलं तर तळाला घाम सुटतो आणि कुरकुरीतपणा जातो. थोडंसं खाली बसतंच, त्याची काळजी नको.

काही बिघडलं तर

चिकटलं तर पत्रा पुरेसा तापला नव्हता, किंवा नॉनस्टिकचा थर उडालेला आहे. जड आणि दाट झालं तर मैदा जास्त पडला किंवा खळगे काठोकाठ भरले गेले. अर्धी फुगली आणि अर्धी नाही, तर ओव्हन एका बाजूनं जास्त तापतो. पुढच्या वेळी रिकामा पत्रा तापतानाच एकदा फिरवून घ्या, पीठ आत गेल्यावर मात्र नाही. वरून काळं आणि आत कच्चं असेल तर शेल्फ फार वर होतं.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये खालून आच कमी लागते, त्यामुळे तळ फिका राहतो. करता येतं, पण फक्त कन्व्हेक्शनवर, कारण पत्रा धातूचा आहे. जास्तीत जास्त तापमान लावा आणि तेल तापवायला वेळ वाढवा. एअर फ्रायरचंही तसंच आहे: वारा वरून येतो, म्हणून लहान साचा आधी चांगला तापवा आणि २०० अंशांवर करा. दोघा-चौघांपुरतं नीट होतं.

रविवारच्या जेवणात ते बसवायचं कसं

ओव्हन एकच असतो आणि मांसाला व पुडिंगाला वेगवेगळी आच लागते, ही सगळ्यांची अडचण. उत्तर रीतीतच दडलेलं आहे. भाजलेलं मांस कापायच्या आधी वीस ते तीस मिनिटं झाकून मुरू द्यावं लागतं, नाहीतर रस ताटात वाहून जातो. तोच पुडिंगाचा वेळ.

समजा एक वाजता जेवायचं आहे आणि दीड किलोचं चिकन आहे. पीठ आदल्या रात्री केलेलं. अकराला चिकन १९० अंशांवर आत. बाराच्या सुमाराला पीठ फ्रिजबाहेर. बारा वीसला चिकन तपासा, मांडीच्या जाड भागात थर्मामीटर ७५ अंश दाखवायला हवा. ते बाहेर काढून झाका, ट्रेमधली चरबी वेगळी करा, ओव्हन २३० वर न्या. ओव्हन तापलेलाच असल्यामुळे साडेबाराच्या आत पुडिंगाचा पत्रा तेलासकट आत जाऊ शकतो. बारा अडतीसला पीठ. भाजलेले बटाटे त्याच वेळी खालच्या शेल्फवर राहिले तरी चालतात, ते त्या आचेत आणखी कुरकुरीत होतात, पण ते हलवायला मधेच दार उघडायचं नाही. एकला सगळं टेबलावर. चिकन कापणं आणि ग्रेव्ही करणं पुडिंग फुगत असतानाच उरकतं.

कांद्याची ग्रेव्ही

मांस नसेल तरी पुडिंग खाता यावं म्हणून ही ग्रेव्ही शिकून ठेवा. तीन मोठे कांदे पातळ उभे चिरून दोन मोठे चमचे तेल किंवा लोण्यावर, चिमूटभर मीठ घालून, अगदी मंद आचेवर तीस-पस्तीस मिनिटं परता. घाई करून मोठ्या आचेवर केलेला कांदा कडेनं करपतो आणि ग्रेव्ही कडवट होते. कांदा मऊ, गडद तपकिरी आणि गोडसर झाला की एक मोठा चमचा मैदा घालून दोन मिनिटं भाजा. मग अर्धा लिटर गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून गाळलेलं पाणी) थोडा थोडा घालत ढवळा. दहा मिनिटं उकळा, शेवटी अर्धा चमचा इंग्लिश मस्टर्ड आणि व्हिनेगरचे काही थेंब. वूस्टर सॉस बरेच जण घालतात, पण त्यात अँकोव्ही मासे असतात, शाकाहारी पाहुणे असतील तर तो नको. ग्रेव्ही ओघळेल इतकी पातळ हवी.

सॉसेज घालून: टोड इन द होल

याच पिठाचं एक पूर्ण जेवण होतं. सहा ते आठ जाड सॉसेज मोठ्या ट्रेमध्ये दोन मोठे चमचे तेलावर २२० अंशांवर पंधरा मिनिटं भाजा, एकदा फिरवा. चांगला रंग आला आणि तेल कडकडीत झालं की त्यांच्या मधे वरच्या प्रमाणातलं सगळं पीठ ओता आणि तीस मिनिटं दार बंद ठेवा. सॉसेजमध्ये अंतर ठेवा. एकमेकांना चिकटून ठेवली तर मधलं पीठ कच्चं राहतं. इथे मिरीची तिखट झाक असलेली कंबरलँड किंवा सेज या सुगंधी पाल्याच्या वासाची लिंकनशायर सॉसेज घेतात. भारतात मिळणारी चिकन सॉसेज बहुतेक आधी शिजवलेली आणि कमी चरबीची असतात, त्यांना पंधरा मिनिटं भाजलं तर ती चिवट होतील. तिथे आधी नुसतं तेल तापवा, सॉसेज चार-पाच मिनिटं भाजा आणि पीठ ओता. तेल एक चमचा जास्त घ्या. बरोबर कांद्याची ग्रेव्ही हवीच.

पहिल्यांदाच करणार असाल तर माझा सल्ला असा की छोट्या खळग्यांऐवजी एका मोठ्या ट्रेमध्ये किंवा बिडाच्या कढईत करा. एकाच भांड्याची आच सांभाळणं सोपं जातं, आणि कुठे उंच, कुठे बसकं झालं तरी खायला दोन्ही छान लागतं: कडेला कुरकुरीत, मधे मऊ. चौकोनी तुकडे करून ग्रेव्हीबरोबर आधी वाढा.

उरलेली पुडिंगं पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात. न वितळवता थेट २०० अंशांच्या ओव्हनमध्ये चार-पाच मिनिटं ठेवली की कडा पुन्हा कुरकुरीत होतात. मायक्रोवेव्हमध्ये मात्र गरम करू नका, ती चिवट होतात.